मन कुठे अडतं?

एकलहऱ्यात ‘राहायचं की जायचं’ हा प्रश्न घरोघरी ठाण मांडून बसलेला आहे. नाशिक रोडपासून जवळ, गोदावरीच्या काठावरच्या या गावात 1970 च्या सुमारास औष्णिक वीज केंद्र सुरू झालं. आधी 140 मेगावॉटचे दोन संच आले, मग 1979 ते 1981 या काळात 210 मेगावॉटचे तीन. पहिले दोन केव्हाच बंद झाले. उरलेल्या तिघांचंही वय झालं आहे आणि त्यांच्या जागी 660 मेगावॉटचा नवा संच यावा, अशी मागणी कामगार, प्रकल्पग्रस्त आणि आसपासची गावं वर्षानुवर्षं करत आली आहेत. या अनिश्चिततेत अनेकांचे बेत टांगून राहिले. घर बांधायचं की थांबायचं? मुलाने इथेच ठेकेदाराकडे लागायचं की पुणं गाठायचं? अर्धवट राहिलेलं शिक्षण आता पुरं करायचं की मिळतोय तोवर ओव्हरटाइम घ्यायचा?

संच येईल का जाईल, हे आपल्या हातात नाही. पण बाहेरची अडचण दूर झाली तरी बेत जागचा हलत नाही, असंही खूपदा घडतं. प्रवेशाचा फॉर्म आणलेला असतो, फीचे पैसे बाजूला काढलेले असतात, आणि तरी शेवटची तारीख टळून जाते. मग माणूस स्वतःलाच आळशी ठरवतो. घरचे म्हणतात, तुझ्याच्याने काही व्हायचं नाही. हे निदान मला बहुतेक वेळा चुकीचं वाटतं. पाळी करून, घर सांभाळून, लग्नकार्यं निभावून दमणारा माणूस आळशी कसा असेल? त्याच्या आत दोन इच्छा एकमेकींची वाट अडवून उभ्या असतात, आणि दोन्ही खऱ्या असतात. एकीला दाबून दुसरीला जिंकवायचा प्रयत्न केला की दाबलेली इच्छा चालढकलीच्या रूपाने परत येते. दोघींचं ऐकून त्यांच्यात तह घडवून आणणं, हाच टिकाऊ मार्ग आहे. तो कसा घडवायचा, ते या लेखात सांगायचं आहे.

रॉबर्ट एमन्स आणि लॉरा किंग या मानसशास्त्रज्ञांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांच्या रोजच्या धडपडी तपासल्या होत्या. ज्या धडपडी परस्परांच्या आड येत होत्या, त्यांच्याबद्दल माणसं विचार जास्त करत होती आणि कृती कमी. रात्री अंथरुणावर पडून तासभर घोळवलेला आणि सकाळी जसाच्या तसा उरलेला बेत ज्याने अनुभवला आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको.

घालमेल सगळी एकाच जातीची नसते. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी 1930 च्या दशकात तिचे मुख्य प्रकार मांडले. दोन चांगल्या गोष्टींतली एकच घेता येते, तो तळ्यात की मळ्यात हा पहिला प्रकार. दोन्हीकडे त्रासच आहे, तेव्हा इकडे आड तिकडे विहीर. आणि एकच गोष्ट हवीही असते नि तिची भीतीही असते, ती तिसरी गत: धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पहिल्यात फार वेळ घालवू नका. दोन्ही चांगल्याच आहेत, एक निवडा आणि मागे वळून बघणं थांबवा. दुसऱ्यात तिसरी वाट शोधायला माणसं लागतात, एकट्याने डोकं खाजवून ती सापडत नाही. आयुष्यातले मोठे बेत मात्र बहुधा तिसऱ्यात अडकतात, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

या तिसऱ्या प्रकाराची एक खोड ओळखून ठेवा. नील मिलर यांनी 1940 च्या दशकात दाखवलं की ध्येय जवळ येतं तशी ओढ वाढते, पण भीती तिच्यापेक्षा जास्त वेगाने वाढते. लांबून सगळं सोपं दिसतं. जूनमध्ये ‘यंदा नक्की’ म्हणणारा माणूस शेवटच्या आठवड्यात कारणं सांगू लागतो, ते यामुळे. त्या आठवड्यात परिस्थिती बदललेली नसते, फक्त अंतर कमी झालेलं असतं. म्हणून एक नियम पाळा: अगदी तोंडावर आलेल्या भीतीला नवी माहिती समजू नका. ती येणारच होती.

मोडता घालणाऱ्या मनाचं म्हणणं लिहून घ्या

समजा, चौतिशीतला एक कंत्राटी कामगार आहे. आजोबांची जमीन प्रकल्पात गेली. हा कोळसा हाताळणी विभागात ठेकेदाराकडे लागला, आणि बारावीनंतरचं शिक्षण तिथेच थांबलं. आता त्याला मुक्त विद्यापीठातून पदवी घ्यायची आहे. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1989 मध्ये स्थापन झालं, मुख्यालय नाशिकलाच, आणि नोकरी करत शिकणाऱ्यांनाही सोयीची अशी त्याची रचना आहे. म्हणजे सोय आहे, पात्रता आहे, इच्छा आहे. तरी दोन वर्षं फॉर्म कपाटातच पडून आहे.

अशा माणसाला लोक प्रेरणेची भाषणं ऐकवतात. मी त्याला वही घ्यायला सांगेन. केंद्रात पाळी बदलताना पुढच्या पाळीला चार्ज दिला जातो, तेव्हा लॉगबुक समोर असतं. किती वाजता काय केलं, काय बंद आहे, कोणतं काम अपुरं राहिलं, एवढंच त्यात असतं. कुणावर राग काढलेला नसतो, सबबीही नसतात. तशीच नोंद आपल्या मनाची करायची. डाव्या पानावर ‘शिकायचं आहे’ म्हणणारं मन, उजव्या पानावर ‘नको’ म्हणणारं मन. डावं पान झटकन भरतं. खरी मेहनत उजव्या पानावर आहे, कारण त्या मनाला आजवर बोलूच दिलेलं नसतं.

ही नोंद एका बैठकीत उरकायची नाही. बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1772 मध्ये जोसेफ प्रीस्टली या मित्राला पत्रातून सल्ला दिला होता, की कागदाचे दोन भाग करून बाजूच्या आणि विरुद्धच्या गोष्टी तीन-चार दिवस सुचतील तशा लिहीत जाव्यात, कारण सगळी कारणं एका वेळी मनासमोर येत नाहीत. पाळीत काम करणाऱ्यांनी तर ही काळजी घ्यायलाच हवी. रात्रपाळी करून सकाळी आलेल्या डोक्याला जग वेगळं दिसतं आणि साप्ताहिक सुट्टीच्या दुपारी वेगळं. दोन्ही वेळच्या नोंदी येऊ द्या. निर्णय मात्र रात्रपाळीच्या आठवड्यात घेऊ नका.

आता या तरुणाचं उजवं पान बघू. पहिल्या दिवशी तो लिहितो: ओव्हरटाइम सुटला तर घरात पैसे कमी येतील. परीक्षेला रजा मिळेल का, सुपरवायझर काय म्हणेल. मुलीची फी. दुसऱ्या दिवशी: इतक्या वर्षांनी डोक्यात शिरेल का? नापास झालो तर वसाहतीत सगळ्यांना कळेल. ही सगळी कारणं खरी आहेत, पण ती वरवरची आहेत, त्याला ती आधीही ठाऊक होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक ओळ उतरते, जी लिहिताना हात थबकतो: वडील आजारी पडले तेव्हा धाकट्याचं कॉलेज मीच सोडायला लावलं. आता मी कोणत्या तोंडाने शिकू?

फॉर्म या ओळीपाशी अडलेला आहे. त्याच्या ‘नको’ म्हणणाऱ्या मनात आळसही नाही आणि धाकही नाही, भावावरचं प्रेम आणि त्याच्याबद्दलची टोचणी आहे. रॉबर्ट केगन आणि लिसा लेही यांनी बदलाच्या आड येणाऱ्या या छुप्या बांधिलकीबद्दल पुस्तकच लिहिलं आहे. बदल नको म्हणणारा माणूस बहुधा दुसऱ्या कशाची तरी राखण करत असतो, असं त्यांचं सांगणं. तेव्हा उजव्या पानावरच्या प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न लिहा: हे मन कशाची राखण करतंय? घरच्या पैशाची, अब्रूची, भावाच्या नात्याची, की नुसत्या सवयीची? उत्तर मिळालं की त्या मनाबद्दलचा राग ओसरतो, आणि राग ओसरल्याशिवाय तह होत नाही.

लिहिताना ‘मी’ऐवजी स्वतःला नावाने हाक मारून बघा. ईथन क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, तणावाच्या प्रसंगाआधी स्वतःशी नावाने बोलणाऱ्यांना तो प्रसंग कमी जड गेला. मराठी माणसाला ही युक्ती परकी वाटायचं कारण नाही. नाशिकच्या आगर टाकळीला, नंदिनी आणि गोदावरीच्या संगमापाशी, समर्थ रामदासांनी बारा वर्षं साधना केली असं परंपरा सांगते. मनाच्या 205 श्लोकांत ते बोलतात ते मुख्यतः मनाशी, समोर बसवून समजूत घालावी तसं. मनाला थोडं दूर बसवलं की त्याच्याशी बोलता येतं. त्याच्या आत अडकून राहिलं की नुसतं भोगावं लागतं.

भीती आणि वस्तुस्थिती वेगळी काढा

उजव्या पानावर काही ओळी हिशोबाच्या असतात. त्यांना हिशोबानेच उत्तर द्या. ओव्हरटाइम सुटला तर नेमके किती रुपये कमी येतील? पगाराच्या तीन स्लिपा काढून बेरीज करा. बरेचदा आकडा मनातल्या धास्तीपेक्षा लहान निघतो. मोठा निघाला तरी काय सोसायचं आहे ते कळतं. रजेचा प्रश्न सुपरवायझरच्या चेहऱ्यावरून सोडवू नका. अभ्यासकेंद्रात जाऊन परीक्षा साधारण कधी आणि किती दिवस असतात ते विचारा, मग रजेचं बोला.

काही ओळी मात्र हिशोबाला दाद देत नाहीत, कारण त्यांच्यात एक ‘च’ लपलेला असतो. पहिल्या फटक्यात पास झालंच पाहिजे. लोकांनी हसता कामाच नये. अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा सगळा रोख या हट्टावर आहे. माणूस घटनेमुळे जितका खचतो, त्याहून जास्त या अटीमुळे खचतो, हे एलिस सांगत राहिले, आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी हीच पद्धत मराठीतून शिकवण्यात हयात घालवली. त्या अटीची परीक्षा कशी घ्यायची? इच्छा तशीच ठेवायची, हट्ट काढून घ्यायचा. ‘पहिल्यांदा पास झालो तर फार बरं होईल. नाही झालो तर वाईट वाटेल, चार लोक बोलतील, आणि पुढच्या परीक्षेला बसता येईल.’ हे वाक्य खोटा धीर देत नाही. वाईट वाटेल हे ते मान्यच करतं.

एलिस यांनी स्वतःवरच केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. मुलींशी बोलायची त्यांना कमालीची भीती होती. एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स वनस्पती उद्यानात, बाकावर एकटी बसलेली मुलगी दिसली की शेजारी बसायचं आणि बोलायला लागायचं, असं त्यांनी महिनाभर केलं. ते शंभरेक जणींशी बोलले. भेटीला एकच कबूल झाली आणि तीही आली नाही. पण भीतीची ताकद गेली. डॉ. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे हे आयुष्य मराठीत सविस्तर वाचता येतं. या प्रयोगातलं घेण्यासारखं मला हे वाटतं, की भीती जाण्याची त्यांनी वाट पाहिली नाही. घाबरत घाबरतच ते बाकावर जाऊन बसले.

तह

आता बेत असा बांधायचा की दोन्ही मनांना काहीतरी मिळालं पाहिजे, आणि तो मुदतीचा असला पाहिजे. आपल्या तरुणासाठी तो असा दिसेल: पहिल्या परीक्षेपर्यंत आठवड्याला एकच ओव्हरटाइम सोडायचा, बाकीचे घ्यायचे. मुलीच्या फीला हात लावायचा नाही, ती रक्कम आधीच बाजूला. निकाल लागला की आठवडाभरात पुन्हा वही उघडायची आणि पुढे चालू ठेवायचं का ते ठरवायचं. ‘आता तीन वर्षं हेच’ म्हटलं की ‘नको’ म्हणणारं मन पुन्हा आडवं येतं. ‘परीक्षेपर्यंत बघू’ म्हटलं की ते वाट देतं. त्याला फसवायचं मात्र नाही. फेरविचाराची तारीख आली की खरंच बसायचं, नाहीतर पुढच्या वेळी ते तुमच्यावर विश्वास ठेवणार नाही.

रोजच्या कामाला पीटर गोलविट्झर यांची पद्धत उपयोगी पडते. 1999 च्या त्यांच्या लेखापासून ती बरीच पसरली. ‘अभ्यास करीन’ असं मोघम न ठरवता ‘अमुक झालं की तमुक करीन’ असं बांधून ठरवायचं. इथे मला यशाच्या पुस्तकांशी भांडायचं आहे. ती सगळी पहाटे पाचला उठायला सांगतात. ज्याची पाळी दर आठवड्याला फिरते, त्याला पहाटे पाच म्हणजे एका आठवड्यात झोपेची वेळ आणि दुसऱ्यात कामाला निघायची. तो हा सल्ला पाळू शकत नाही आणि स्वतःलाच नालायक ठरवतो. पाळीवाल्याने घड्याळाला काम बांधू नये, एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला बांधावं. पहिल्या पाळीहून आलो, अंघोळ झाली, की वीस मिनिटं पुस्तक, चहा त्यानंतर. दुसऱ्या पाळीला असेन तर सकाळी मुलीला शाळेत सोडून आलो की तासभर. रात्रपाळीच्या आठवड्यात फक्त वाचलेलं चाळायचं, नवं काही नाही. तीन पाळ्या, तीन नियम. कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवा.

आणि भाऊ? त्याची ओळ वहीत सुटत नाही. ती त्याच्यासमोरच सुटते. अशी बोलणी लग्नाच्या मांडवात किंवा सगळे जेवायला बसलेले असताना काढू नयेत. दोघंच असाल तेव्हा, गाडीवरून सिन्नर फाट्याकडे जाताना किंवा शेतात, सरळ म्हणावं: “मला परत शिकायचं आहे. पण तुझं कॉलेज मी सोडायला लावलं, ते मनातून जात नाही.” समजावणं नको, कारणं नकोत. पुढे त्याला बोलू द्या. तो चिडेल, तर त्या चिडण्याला इतक्या वर्षांत जागाच मिळाली नव्हती. पण असंही निघू शकतं, की तो म्हणेल, “दादा, मला आता पुस्तकात रस नाही. मला टेम्पो घ्यायचा आहे, डाउन पेमेंटला हात लाव.” म्हणजे आपण ज्या ऋणाखाली दबून गेलो होतो, ते फेडण्याची रीत भावाला ठाऊक होती, आपणच कधी विचारलं नव्हतं. मग तहात टेम्पोचं कलम घालायचं, जमेल त्या रकमेचं आणि जमेल त्या महिन्याचं.

इथे एक सांभाळायचं आहे. सगळी अडचण मनातच असते, असं मी म्हणत नाही. शिवणाचं दुकान काढू बघणाऱ्या सुनेला दोन तास मूल घ्यायला घरात कुणी तयार नसेल, तर तो तिच्या मनातला संघर्ष नाही. ती कामाची वाटणी आहे, आणि वहीत कितीही लिहिलं तरी ती बदलणार नाही. तिने सासूबाईंशी, नवऱ्याशी वेळ ठरवून घेतली पाहिजे: मंगळवार आणि शुक्रवार, तीन ते पाच, मूल कुणाकडे. घरातल्यांनीही हे वाचताना स्वतःला विचारावं, की जिला आपण ‘तिचं नक्की काही ठरत नाही’ म्हणतो, तिला ठरवायला आपण मोकळं सोडलं आहे का?

घालमेल आणि आजार यांतही फरक करायला हवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, जेवण तुटलं, आवडीच्या गोष्टीही नकोशा झाल्या, सगळं संपवावं असं मनात येऊ लागलं, तर वह्या बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञाला गाठा. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली टेलिमानस ही सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि मराठीतून बोलता येतं. खांदा निखळला तर आपण मनाचा निग्रह करत बसत नाही, डॉक्टरकडे जातो.

राहता राहिलं एक. वही प्रामाणिकपणे भरली आणि मुदतीचा तह पाळून बघितला, तरी कधी उत्तर ‘हे मला नको आहे’ असंच येतं. पदवी मुळात वडिलांच्या हौसेची होती, किंवा पंचविशीत हवी होती आणि आता हवी आहे ती वेगळीच गोष्ट, असं लक्षात येतं. तेव्हा बेत सोडणं म्हणजे हरणं नव्हे. पण तो स्पष्ट सोडावा लागतो. अर्धवट सोडलेलं ध्येय दरवर्षी प्रवेशाच्या दिवसांत येऊन टोचतं आणि नव्या कामाला लागणारी उमेद खाऊन टाकतं. ज्यांना आपण सांगितलं होतं त्या घरातल्या माणसांना सांगून टाका की आता करणार नाही, आणि का नाही तेही. पुस्तकं घेतली असतील तर अभ्यासकेंद्रात विचारा, कुणाला तरी ती हवी असतातच. फीसाठी बाजूला काढलेले पैसे घरखर्चात विरघळू देऊ नका. ते नव्या बेताच्या नावाने त्याच दिवशी बँकेत टाका, मग तो बेत टेम्पोचा असो, शिलाई मशीनचा असो, की अजून नाव न ठरलेला.